टस्कीगीचा विमानतळ

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकाने अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील त्या गावाची आणि तेथील विद्यालयाची ओळख आपल्या घराघरांत करून दिली. परंतु जेथे भुईमुगावर प्रयोग चालले, त्याच टस्कीगीच्या शिवारात दुसऱ्या महायुद्धात एक लष्करी विमानतळ उभा राहिला. त्याची हकिगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे. विमाने कशी लढली हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण मागणी कशी करावी, अर्धीमुर्धी मान्य झाली तर तिचे काय करावे, हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. आणि टस्कीगीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९२५ साली अमेरिकेच्या लष्करी महाविद्यालयाने एक अहवाल तयार केला. काळा माणूस बुद्धीने कमी, धैर्याने कमी, आणि म्हणून जबाबदारीच्या जागी निरुपयोगी, असा त्याचा मथितार्थ. असे अहवाल ज्याला उपयोगी पडतात त्यानेच ते लिहिलेले असतात. हवाई दलाने तर काळ्या तरुणाला वैमानिक म्हणून दारातच उभे केले नाही. १९३९ साली युद्धाची चाहूल लागल्यावर सरकारने कॉलेजांतून मुलकी वैमानिक तयार करण्याची योजना काढली, तीत टस्कीगीचाही समावेश झाला. मुले विमान उडवू लागली. लष्कराचे दार मात्र बंदच.

ते दार किलकिले झाले ते १९४१ च्या जानेवारीत. हॉवर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने लष्कराविरुद्ध कोर्टात दावा लावला, आणि त्याच सुमारास, १६ जानेवारीस, काळ्या वैमानिकांची एक स्वतंत्र तुकडी उभारण्याचे सरकारने जाहीर केले. 'स्वतंत्र' हा शब्द नीट ऐकावा. त्याचा अर्थ स्वायत्त नव्हे. त्याचा अर्थ वेगळी पंगत.

याच जानेवारीत ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची हाक दिली. रेल्वेच्या शयनयानांतून काम करणाऱ्या काळ्या हमालांची संघटना त्यांनी १९२५ साली बांधली होती, आणि पुलमन कंपनीकडून पहिला करार मिळवायला १९३७ साल उजाडले होते. बारा वर्षे झगडून करार मिळवणारा माणूस पोकळ धमकी देत नाही, हे अध्यक्ष रूझवेल्ट जाणून होते. प्रथम दहा हजारांचा म्हटलेला मोर्चा पुढे एक लाखाचा झाला. मोर्चाची तारीख १ जुलै. २५ जूनला रूझवेल्टांनी ८८०२ क्रमांकाचा हुकूम काढला आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील वर्णभेदाला बंदी केली. मोर्चा मागे घेतला गेला. पण मागणीपत्रातील दुसरे कलम, लष्करातील वेगळी पंगत मोडण्याचे, या हुकुमात नव्हते. ते पुढच्या लढ्यासाठी शिल्लक राहिले.

त्याच उन्हाळ्यात टस्कीगीच्या विमानतळाचे काम सुरू झाले. बांधकामाचे कंत्राट मॅकिसॅक या काळ्या मालकांच्या पेढीस मिळाले; एवढ्या मोठ्या कामाचे असे कंत्राट ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. प्राथमिक शिक्षण विद्यालयाच्या मोटन फील्डवर आणि पुढचे सारे लष्करी तळावर, अशी रचना ठरली. गोऱ्या उमेदवारास प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा तळ असे. काळ्या उमेदवाराचे मध्यम, उच्च आणि लढाऊ विमानावर हात बसवण्याचे शिक्षण एकाच तळावर कोंबलेले असे. भेदभाव म्हणजे केवळ अपमान नव्हे, तो जागेचा, वेळेचा आणि पैशाचा अपव्ययही असतो. एकच तळ, म्हणून मोजक्याच जागा. जागा मोजक्या, म्हणून लायक मुले ताटकळत. आणि पुन्हा म्हणावयाचे की या समाजात वैमानिक निपजत नाहीत!

पहिल्या वर्गात तेरा उमेदवार होते. ७ मार्च १९४२ रोजी पाच उत्तीर्ण झाले. त्यांतले एक बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात कामापलीकडे एकही सहाध्यायी त्यांच्याशी चार वर्षे बोलला नव्हता. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणे म्हणतात, ते हेच. १९४६ पर्यंत टस्कीगीने ९९२ वैमानिक तयार केले.

पण अशी वेगळी पंगत स्वीकारावी का? काळ्या समाजात यावर तीव्र मतभेद होते. विल्यम हेस्टी हे युद्धमंत्र्यांचे मुलकी सल्लागार. हवाई दलातील भेदभाव हटत नाही म्हणून त्यांनी १९४३ च्या जानेवारीत राजीनामा दिला. दुसरीकडे डेव्हिस त्याच भेदभावाच्या चौकटीत राहून तुकडी घेऊन उत्तर आफ्रिकेत गेले. यांत खरा कोण आणि चुकला कोण? आमच्या मते दोघेही खरे. करारात अर्धे मिळाले तर ते घ्यावे. पण उरलेल्या अर्ध्यावर सोडचिठ्ठी लिहून देऊ नये. डेव्हिस यांनी अर्धे घेतले, हेस्टी यांनी उरलेल्याची आठवण बुजू दिली नाही.

ही सोडचिठ्ठी लिहून न देण्याची गोष्ट पुढे अक्षरशः घडली. टस्कीगीत तयार झालेले अधिकारी बाँबफेकी विमानांच्या तुकडीबरोबर १९४५ साली इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्डवर होते. तेथे अधिकाऱ्यांचे क्लब दोन: एक शिक्षकांचा, एक शिकाऊंचा. कागदावर रंगाचे नाव नाही. मात्र काळा अधिकारी कितीही अनुभवी असो, तो शिकाऊ. ५ एप्रिलपासून काळे अधिकारी लहान लहान गटांनी गोऱ्यांच्या क्लबात शिरू लागले आणि शांतपणे अटक करवून घेऊ लागले. एकसष्ट जणांना अटक झाली. मग नवा नियम काढून त्यावर सह्या मागण्यात आल्या. युद्धकाळात हुकूम मोडण्याची शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकते, हे ठाऊक असूनही १०१ जणांनी सही नाकारली. त्यांत कोलमन यंग होते. ते डेट्रॉइटच्या मोटार कामगारांत संघटनेचे काम करून आलेले, आणि पुढे १९७४ पासून वीस वर्षे त्या शहराचे महापौर. शिस्त, गटागटाने जाणे, हात न उचलणे, सही न देणे, ही सारी कामगार चळवळीची हत्यारे होत. अखेर तिघांवर खटले चालले, एकास दीडशे डॉलर दंड झाला. ती शिक्षा रद्द व्हायला १९९५ साल लागले.

रँडॉल्फही थांबले नव्हते. भेदभावाच्या लष्करात भरती नाकारा, असे ते १९४८ साली उघड सांगू लागले. २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ९९८१ क्रमांकाचा हुकूम काढून लष्करात समान वागणुकीचे धोरण जाहीर केले. १९४१ चे शिल्लक कलम सात वर्षांनी वसूल झाले.

आपल्याकडे याच काळात काय चालले होते? ज्या महारांना ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जात नाही म्हणून सैन्यातून वगळले, त्यांची पलटण १९१७ साली गरजेपोटी उभी केली, १९२१ साली मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास पुन्हा उभारली. युद्ध आले की शूर, सरले की नालायक! दोन खंडांत हिशेब एकच.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. टस्कीगीच्या वैमानिकांनी राखणीतले एकही बाँबफेकी विमान गमावले नाही, अशी आख्यायिका १९४५ पासून चालत आली. हवाई दलाचेच इतिहासकार डॅनिएल हॉलमन यांनी कागदपत्रे तपासून दाखवले की निदान २७ विमाने गमावली गेली. इतर तुकड्यांच्या सरासरीपेक्षा मात्र हा आकडा कमी होता. काहींना हे ऐकून वाईट वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. सत्तावीस विमाने पडली म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही, आणि एकही पडले नसते तरी तो वाढला नसता. गोऱ्या वैमानिकास कोणी विचारले नव्हते की तुझ्या जातीने उडण्याची लायकी सिद्ध केली काय? सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्या माथी मारले जाते, तो बरोबरीचा मानलाच गेलेला नसतो. टस्कीगीच्या माणसांनी ते ओझे वाहून दाखवले, हा त्यांचा मोठेपणा; ते त्यांना वाहावे लागले, हा मात्र त्यांच्या देशाचा कमीपणा.