त्रुटिप्रवाह, प्रमाण
प्रोग्रॅमचे चूकसंदेश मुख्य आउटपुटपासून वेगळे पाठवणारा मार्ग. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात युनिक्सच्या (पहा : युनिक्स) जडणघडणीत तो रूढ झाला, त्याआधी आउटपुट वळवले की चूकसंदेशही त्याबरोबर जाऊन नजरेआड होत. इनपुटचा क्रमांक ०, आउटपुटचा १, त्रुटिप्रवाहाचा २. पाइपमधून (पहा : पाइप) एरवी फक्त १ पुढे जातो. सी भाषेत फाइलीकडे जाणारे आउटपुट बफरमध्ये साचते, चूकसंदेश मात्र लगेच उमटतो. म्हणून लॉगमध्ये नोंदींचा क्रम उलटसुलट दिसतो आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळल्यास साचलेले निकाल हरवतात. दोन्ही प्रवाह एकाच फाइलीत हवे असल्यास आधी १ फाइलीकडे, मग २ हा १ कडे वळवावा. शेलमध्ये (पहा : शेल) ही पुनर्निर्देशने डावीकडून उजवीकडे लागू होतात, क्रम उलटल्यास चुका पडद्यावरच राहतात.