आखूड कड, लांब कड

टॅब आणि चेहऱ्याची ओळख यांची पहिली गाठ पडली तेव्हा टॅबला कॅमेरा नव्हताच. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये वूडी ब्लेड्सो हे गणितज्ञ हेलन चॅन आणि चार्ल्स बिसन या सहकाऱ्यांसह संगणकाला माणसांचे चेहरे ओळखायला शिकवत होते. त्या संगणकाला फोटो दिसत नसे. त्यामुळे समोर एक माणूस बसे आणि फोटोतल्या बुबुळांचे मध्य, डोळ्यांचे आतले आणि बाहेरचे कोपरे, कपाळावर केस सुरू होतात ते टोक अशा जागा ‘रँड टॅबलेट’वर पेनाने टिपून देई. हा टॅबलेट म्हणजे त्याच वर्षी आलेली, साधारण १० इंची चौकोनी पाटी. टिपलेल्या जागांवरून संगणक २० अंतरं काढी आणि ती जुन्या नोंदींशी ताडून बघे. एका माणसाच्या हातून तासाला सुमारे ४० फोटो होत.

त्यांना सर्वांत जास्त छळलं ते मानेने. डोकं जरा वळलं किंवा खांद्याकडे कललं, की सगळी अंतरं बदलतात आणि तोच माणूस यंत्राला परका होतो. मग आधी ते वळण गणिताने काढून टाकायचं, चेहरा समोरून पाहिल्यासारखा करून घ्यायचा आणि त्यानंतर जुळवाजुळव करायची. पुढे २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी चेहरा क्षणार्धात हुडकणारी पद्धत शोधली. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांतही चेहऱ्याभोवती चौकट दिसू लागली ती अशाच पद्धतींमुळे. पण तीही सरळ, समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यांवर शिकलेली होती. चेहरा पंधराएक अंशांपेक्षा जास्त कलला की तिची पकड सुटे. म्हणजे कॅमेरा आडवा झाला तर काय, हा प्रश्न टॅबच्या कितीतरी आधीचा आहे.

टॅबचं दुसरं घराणं कागदाचं. ॲपलचा १९९३ चा न्यूटन हातात उभा धरायचा, टिपणवहीसारखा. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आरामखुर्चीत बसून पहिला आयपॅड दाखवला, त्यालाही कॅमेरा नव्हता. पण कॅमेरा पुढेमागे कुठे बसणार हे तेव्हाच ठरून गेलं होतं. गोल बटण आखूड कडेच्या मध्यावर होतं आणि चार्जरची खाच त्याच्याखाली, त्याच कडेला. यंत्राचे पाय ठरले, तसं डोकंही ठरलं. मार्च २०११ मध्ये आयपॅड २ आला आणि पुढचा कॅमेरा बटणाच्या थेट समोरच्या आखूड कडेवर जाऊन बसला. आदल्या वर्षीच्या आयफोन ४ मध्ये तो तसाच वरच्या कडेला होता.

त्या काळात स्वस्त टॅबमध्ये कॅमेरा ही चैनच होती. ऑक्टोबर २०११ मध्ये भारत सरकारने गाजावाजा करून आणलेल्या ‘आकाश’ला तो नव्हता. पुढे आयआयटी मुंबईच्या सहभागाने ‘आकाश २’ झाला, तो नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या वाट्याला पुढचा साधा कॅमेरा आला.

२०११ मध्येच दुसरी एक फळी वेगळा विचार करत होती. मोटोरोलाचा झूम, ब्लॅकबेरीचा प्लेबुक, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब १०.१ या तिघांनी पुढचा कॅमेरा लांब कडेच्या मध्यावर बसवला. कारण पडद्याच्या आकारात आहे. आयपॅडचा पडदा ४:३ प्रमाणाचा, पुस्तकाच्या पानाच्या जवळ जाणारा, उभाही शोभतो आणि आडवाही. झूमचा पडदा १६:१० चा. असा लांबोडका पडदा १० इंचांचा असला की उभा धरल्यावर हाताला वरून जड लागतो आणि ओळी अरुंद होतात. तो सिनेमासाठी, आडवा धरण्यासाठीच घडलेला असतो. कॅमेरा कुठल्या कडेला आहे एवढं पाहिलं, तरी बनवणाऱ्याच्या मनात टॅब म्हणजे वही होती की छोटा संगणक, हे ओळखता येतं.

या बाबतीत मला सर्वांत सुसंगत वाटतं ते मायक्रोसॉफ्टचं काम. २०१२ च्या सरफेसच्या पाठीला उघडमिट होणारा टेकू होता. टेकू उघडला की टॅब २२ अंशांनी मागे रेलतो. मागचा कॅमेरा सरळ बसवला असता तर त्याला टेबलच दिसलं असतं. म्हणून तो कॅमेराच २२ अंशांनी वर वळवून बसवला, म्हणजे टॅब टेबलावर उभा असतानाही समोरचा फळा सरळ टिपता यावा. हात, टेबल, टेकू आणि भिंग यांचा एकत्र विचार करून बसवलेले कॅमेरे फार थोडे, आणि हा त्यांतला. तीन वर्षांनी सरफेस प्रो ४ मध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चेहरा ओळखून कुलूप उघडण्याची सोय आली, तेव्हा त्यांना जागा बदलावी लागली नाही. लांब कडेवरचा कॅमेरा कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाच्या बरोबर वर होता.

ॲपलची वाट मात्र लांबची होती. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोन एक्सबरोबर फेस आयडी आलं. चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे ३०,००० हून अधिक इन्फ्रारेड ठिपके टाकायचे, त्यांवरून चेहऱ्याचा उंचसखलपणा वाचायचा आणि साठवलेल्या नोंदीशी ताडायचा. परक्या माणसाने आपला फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं कंपनी सांगत होती. पण ते फोन उभा असेल तरच चाले. फोनपुरतं ते खपून गेलं. टॅबला ते चालणारं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आयपॅड प्रोवरून गोल बटण गेलं, ५.९ मिलिमीटर जाडीच्या अंगात तीच सगळी यंत्रणा आखूड कडेच्या चौकटीत बसली आणि टॅब उभा, आडवा, उलटा कसाही असला तरी ती चेहरा ओळखू लागली. ब्लेड्सो ज्या वळणाशी झगडत होते त्याचा एक मोठा भाग इथे सुटला.

पण गणिताने कल सुटतो, बोट सुटत नाही. आडवा टॅब दोन्ही हातांत धरला की डाव्या किंवा उजव्या तळव्याखाली नेमकी ती आखूड कड येते. चेहरा समोर आहे, डोळे उघडे आहेत, आणि कॅमेऱ्यावर अंगठा. ॲपलने पडद्यावर ‘कॅमेरा झाकला गेला आहे’ अशी सूचना आणि त्या जागेकडे दाखवणारा बाण ठेवला. जागा चुकली आहे याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. लांब कडेच्या मध्याला आडवा टॅब धरताना सहसा हात लागत नाही. तिथे कॅमेरा असता तर बाणाची गरज क्वचितच पडली असती.

आणि मग माणसाच्या नजरेचा प्रश्न. यंत्राला तुम्ही कुठे पाहता याने फार फरक पडत नाही, समोरच्या माणसाला पडतो. बेल कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन दाखवला तेव्हापासून हे दुखणं आहे: आपण पडद्यावरच्या डोळ्यांत पाहतो, कॅमेरा दुसरीकडे असतो आणि पलीकडच्याला आपण नजर चुकवतोय असं वाटतं. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या मिल्टन चेन यांनी याचं मोजमाप केलं. समोरचा आपल्या डोळ्यांच्या डावी-उजवीकडे किंवा वर पाहत असेल तर आपल्याला ते चटकन कळतं. खाली पाहत असेल तर आपण जवळजवळ दसपट कमी संवेदनशील असतो आणि नजरानजर होतेय असंच धरून चालतो. कॅमेरा पडद्याच्या वर हवा तो यासाठी. बाजूला तर अजिबात नको.

११ इंची आयपॅड प्रोची लांबी सुमारे २४.८ सेंटिमीटर. तो आडवा ठेवला की आखूड कडेवरचा कॅमेरा पडद्याच्या मध्यापासून सुमारे १२ सेंटिमीटर बाजूला जातो. ४० सेंटिमीटरवरून पाहणाऱ्याची नजर त्यामुळे १७ अंशांच्या आसपास तिरपी दिसते, आणि तीही ज्या दिशेला आपण सर्वांत तिखट असतो त्याच दिशेला. २०२० मध्ये आयपॅड प्रोसाठी नवा कीबोर्ड आला, त्यात टॅब आडवाच बसतो. त्याच वर्षी शाळा, कचेऱ्या, दवाखाने, बारशापासून शोकसभेपर्यंत सगळं पडद्यावर आलं. मुलं शिक्षकांशी बोलताना कडेला पाहत होती, आजी-आजोबा नातवंडांशी बोलताना कडेला पाहत होते. दूर असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहण्याची गरज इतकी कधीच नव्हती. तेव्हा ती या एका भिंगाच्या जागेमुळे अपुरी राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

सॅमसंगने ऑगस्ट २०२० मध्ये टॅब एस७ चा पुढचा कॅमेरा पुन्हा लांब कडेवर नेला. ॲपलने २०२१ मध्ये रुंद भिंग घालून माणसाला चौकटीच्या मध्यावर धरून ठेवणारी सोय दिली. चेहरा मध्यावर आला, नजर तिरपीच राहिली.

कॅमेरा नुसता उचलून लांब कडेवर का ठेवला नाही? कारण ती कड आधीच पेन्सिलची झाली होती. २०१८ पासून ॲपलची दुसरी पेन्सिल त्याच लांब कडेच्या मध्यावर चुंबकाने चिकटून चार्ज होई. एकाच जागेवर दोघांचा हक्क होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडमध्ये कॅमेरा पहिल्यांदा लांब कडेवर आला, आणि त्याच आयपॅडला चुंबकाने चिकटणारी पेन्सिल चालेना. जुनी, पहिली पेन्सिल वापरायची आणि ती चार्ज करायला वेगळी जोडणी लावायची. मे २०२४ मध्ये आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरमध्येही कॅमेरा लांब कडेवर गेला. त्याच दिवशी नवी पेन्सिल आली, चार्ज होण्याची नवी रचना घेऊन. आधीच्यांच्या महागड्या पेन्सिली नव्या टॅबवर निरुपयोगी ठरल्या.

टॅब उभा धरणाऱ्यांसाठी मात्र आता कॅमेरा बाजूला गेला आहे. पुस्तकं वाचणारे, वॉर्डात फिरताना कागदपत्रं पाहणारे डॉक्टर, मैफलीत स्टँडवर टॅब उभा ठेवून गाण्याचे शब्द पाहणारे गायक यांच्यासाठी जुनीच कड योग्य होती. ऑक्टोबर २०२४ च्या आयपॅड मिनीमध्ये ती शिल्लक आहे. ८.३ इंची पडदा, वजन ३०० ग्रॅमच्या आत, एका हातात मावणारा हा टॅब बहुतेक जण उभाच धरतात, आणि त्याचा कॅमेरा आखूड कडेवरच ठेवला आहे.