ख्रिस्ती उपासनेचा मराठी सूर

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाकडे आपले अभ्यासक बहुधा दोनच वाटांनी जातात. कोणी फादर स्टीफन्सच्या भाषेचे व्याकरण तपासतो, तर कोणी रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराची कारणमीमांसा करतो. दोन्ही कामे आवश्यक आहेत. परंतु त्यांत एक गोष्ट सहसा निसटून जाते. हे वाङ्मय मुळात एकट्याने अभ्यासिकेत बसून वाचावयाचे वाङ्मय नव्हे. रविवारी चार लोकांनी एकत्र यावे, एकाने म्हणावे, इतरांनी ऐकावे अथवा मागून म्हणावे, आणि घरी परतताना मन हलके झालेले असावे, यासाठी ते जन्मास आले. उपासनेतील आनंद हे त्याचे प्रयोजन होय, आणि तो आनंद मराठी माणसाला परक्या सुरात सापडेना म्हणून ते निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या आनंदाचा माग काढण्याचा विचार आहे.

प्रारंभ गोव्यातच करावयास हवा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी 1579 मध्ये गोव्यास आला व पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुख्यतः साष्टी प्रांतात राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले. पहिल्या पुराणाचे 36 अवस्वरू, दुसऱ्याचे 59, आणि ओव्या अकरा हजारांच्या घरात, असा त्याचा विस्तार. त्याच्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. पण त्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे, त्याकडे आपण फारसे पाहत नाही. ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग चाललेला असता एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांस का देत नाही? या विनंतीतूनच ग्रंथाचा उगम झाल्याचे स्टीफन्स दाखवितो.

आमच्या मते या एका प्रश्नात पुढील तीनशे वर्षांचा इतिहास साठवलेला आहे. त्या माणसाने सिद्धांताविषयी शंका काढलेली नाही. त्याची उणीव वेगळी आहे. संध्याकाळी देवळात पुराणिकाने ओवी लावावी, आयाबायांनी कान द्यावा, कथेत दंग व्हावे, हे सुख त्याच्या आयुष्यातून गेले होते आणि त्याची भरपाई झालेली नव्हती. स्टीफन्सचे मोठेपण असे की, त्याला ही भूक समजली. त्याने ओवी घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला आणि बायबलातील कथा पुराणाच्या घाटात बसविली. ती रविवारी व सणावारी चर्चमध्ये वाचली जाऊ लागली. 1649 व 1654 मध्ये तिच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, यावरून लोकांना तिची किती गोडी लागली होती याचा तर्क करता येतो.

मात्र सत्तेला ही गोडी मानवली नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याविषयी हुकूम काढला. पण हुकुमाने जिभेवरची ओवी पुसली जात नाही. गोव्यातून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि 1907 मध्ये त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. मराठीचा हा ग्रंथ कन्नड मुलखात छापला गेला, ही गोष्ट आम्हां सीमेवरील शिक्षकांना विशेष बोलकी वाटते. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांनी 1956 साली आणला.

एकोणिसाव्या शतकात ही कथा देशावर नव्याने सुरू होते. 1813 मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे घातले. तेथील पहिल्या उपासनांत जी गीते गायिली जात, ती बहुशः इंग्रजी गीतांची भाषांतरे असत, आणि चालीही त्यांच्याच. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या जाणत्या मिशनऱ्याने त्यासाठी पुष्कळ परिश्रम केले. तरीही अडचण होती, व ती भक्तीची नसून छंदाची होती. इंग्रजी चाल शब्दातील आघातावर उभी असते. ठरावीक ठिकाणी जोर, ठरावीक ठिकाणी उतार. मराठी शब्दाला तसा जोराचा आघात नाही. त्याचे सौंदर्य ऱ्हस्वदीर्घात. त्यामुळे परक्या चालीत ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ अक्षर चेपले जाते, आणि गाणाऱ्याला आपण आपलीच भाषा अडखळत बोलतो आहो असे वाटू लागते. त्यात भर अशी की, ही गीते पुस्तक हाती धरून म्हणावयाची. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जी मंडळी मिशनकडे वळली, त्यांत महार व मांग समाजांतील लोक बहुसंख्य होते. त्यांना अक्षर शिकण्याची संधी गावाने कधी दिलेली नव्हती. पुस्तकाविना गाणे नाही म्हटल्यावर उपासनेत त्यांनी केवळ बसून राहावे काय?

यावर उपाय बाहेरून आला नाही. तो शिवारातच होता. वास्तविक याच समाजांच्या गळ्यात व हातात शतकानुशतके गाणे-बजावणे होते. हलगी, तुणतुणे, झांज ही त्यांचीच वाद्ये. अभंगाची रचना पाहा: सहा सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक, आणि फिरून फिरून येणारे ध्रुपद. एकाने चरण सांगावा, बाकीच्यांनी उचलावा. दोन आवर्तनांत तो पाठ होतो. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी 1860 च्या दशकात याचाच पुढला टप्पा गाठला व ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन, पूर्वरंगात शास्त्रवचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना, असा नारदीय पद्धतीचा साचा त्यांनी स्वीकारला. उधळ्या पुत्राची कथा मृदंगाच्या साथीने कोणी सांगू लागला, तर ती पॅलेस्टाइनमध्ये घडली की पाथर्डीत, याचा श्रोत्याला विसर पडतो. ही पद्धत जुन्या धर्माची खूण आहे, ती चर्चमध्ये नको, असे म्हणणारेही होतेच. त्यांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. नव्याने घर सोडलेल्या माणसाला जुन्या घराचा वासही बोचतो. पण लोकांनी निकाल टाळ घेऊन दिला.

उपासनेचा आनंद नुसता गाण्यात नसतो. तो कोणाच्या शेजारी बसून गावयाचे यावरही असतो. महाराष्ट्रात हा प्रश्न शेवटी पंक्तीपाशी येऊन ठेपतो. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु पाद्रीच्या घरी जेवलेल्या त्या मुलाला पंक्तीस घ्यावे की नाही, यावर मुंबईत रण माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला व त्यापायी स्वतःही निंदा सोसली. एका पोराच्या जेवणाने एवढे मोठे शहर ढवळून निघावे, यात पंक्ती या संस्थेचे बळ दिसते.

थोरला भाऊ नारायण पुढे 1854 मध्ये दीक्षित पाळक झाला आणि निजामाच्या राज्यात जालन्यास येऊन मांग समाजात काम करू लागला. तेथे दिवाण सर सालारजंग यांनी त्याला जमीन दिली, आणि तिच्यावर ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, या नावाचे गाव वसले. आमचे राजेश्वरही त्या काळी त्याच राज्यात होते, म्हणून या घटनेचा विचार आम्ही अधिक जिव्हाळ्याने करतो. मुसलमान संस्थानिकाचा मुसलमान दिवाण, ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, आणि वेशीबाहेर ठेवलेली मांग कुटुंबे! या तिघांच्या भेटीतून एक असे गाव उभे राहिले की, जेथे वेशीबाहेरच्यांना वेशीच्या आत, किंबहुना प्रार्थनामंदिराच्या शेजारी, घर मिळाले. प्रभुभोजनाच्या विधीत सारी मंडळी एकाच भाकरीचा व एकाच प्याल्याचा वाटा घेतात. जन्मभर ज्याला पाणी वरून ओतले गेले, त्याला तो प्याला हाती घेताना काय वाटले असेल, हे शब्दांत मांडण्याचा यत्न करू नये हेच बरे. अर्थात ख्रिस्ती मंडळ्यांतून जात निमूटपणे निघून गेली, असे मात्र कोणी समजू नये. सोयरीक ठरविण्याच्या वेळी ती मागल्या दाराने येत राहिली. परंतु पंक्ती बदलली हे खरे.

या पंक्तीचे सर्वांत प्रांजळ वर्णन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळ्याची चूल सांभाळीत राहिल्या. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की, जाती माणसानेच केल्या आहेत, देवाने नव्हेत. आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. या पुस्तकात धर्मचर्चा थोडी आणि हसणे पुष्कळ आहे. शिष्यवर्ग, अनाथ मुले, पाहुणे, नवऱ्याचे दातृत्व व रिकामा डबा, या साऱ्यांतून जो श्रद्धेचा आनंद दिसतो, तो कोणत्याही प्रवचनाहून अधिक पटतो. वरच्या वर्गांना हे पुस्तक वाचून दाखविताना मुले हसतात, आणि हसता हसता अस्पृश्यतेचा धडा त्यांच्या लक्षात राहतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

टिळकांनी सांगळ्यांचे काम कवित्वाच्या उंचीवर नेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त सिंहासनावरील राजा म्हणून क्वचितच येतो; तो गुरू होतो, माउली होतो, जिवलग होतो. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची गीते दोनशेहून अधिक आहेत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे शिष्य म्हणून जागा होती. 9 मे 1919 रोजी ते वारले, त्यामुळे दरबाराची कसोटी लागलीच नाही. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘ख्रिस्तपुराणा’नंतर तीन शतकांनी लिहिले गेलेले हे दुसरे पुराण एका कुटुंबाने पुरे करावे, यातही औचित्य आहे.

आनंदाचे दुसरे, काहीसे अनावर रूप केडगावला दिसले. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली होत्या. 1905 च्या जूनमध्ये त्यांच्या प्रार्थनांना भरती आली. कोणी रडे, कोणी हसे, शेकडो कंठ एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागले. शिस्तप्रिय पाश्चात्त्य निरीक्षकांना हा गोंगाट खटकला. रमाबाईंनी मात्र तो दाबला नाही. ज्या मुलींना उपासमारीने मुके केले होते, त्यांचा आवाज परत आला असता त्यांना हळू बोला असे कोण सांगणार? वारीत नाचणारा समाज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना केडगावचे फारसे नवल वाटू नये.

आमच्या भागाविषयी दोन शब्द. बिदरला मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले, आणि येथील मंडळ्यांची उपासना बहुतांशी कन्नडात चालते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर जिल्ह्याची वाटणी होऊन तो तीन राज्यांत विभागला गेला, तरी या मातीची बहुभाषिक सवय सुटलेली नाही. जवळच कल्याण आहे. तेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी अनुभवमंटपात नाना जातींच्या शरणांना एकत्र बसविले. हुमनाबादेजवळ माणिकनगर आहे. तेथे माणिकप्रभूंची पदे मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा अनेक भाषांतून गायिली जातात. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न येथील माणसाला कोड्यासारखा वाटत नाही. ज्या भाषेत आईने निजविले, ती पुरे.

कॅथलिक मंडळींना हे स्वातंत्र्य फार उशिरा लाभले. वसईचे ख्रिस्ती घरी मराठी बोलत, लग्नात मराठी गाणी म्हणत, परंतु मिस्सा लॅटिनमध्ये ऐकत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) मातृभाषेला वेदीपाशी प्रवेश दिला, आणि साष्टीतील ब्राह्मणाची ती जुनी मागणी रोमकडून मान्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले व त्यास 2013 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन मात्र झाले. उस्मानाबाद आमच्या सीमेपासून लांब नाही, आणि गोरोबाकाकांचे तेर त्याच जिल्ह्यात आहे.