एका विमानाचं चरित्र

माणसांची चरित्रं आपण वाचतो, राजवटींचे इतिहास वाचतो. आज मी एका वस्तूचं चरित्र सांगणार आहे. इंग्लंडात केंब्रिजजवळ डक्सफर्डला एक जुनं प्रवासी विमान उभं आहे. विकर्स व्हायकाउंट, नोंदणी जी-एएलडब्ल्यूएफ. आज शिल्लक असलेल्या व्हायकाउंट विमानांत हे सर्वांत जुनं.

आधी व्हायकाउंट म्हणजे काय ते पाहू. दुसरं महायुद्ध चालू असतानाच ब्रिटिश सरकारच्या ब्रॅबॅझन समितीनं युद्धानंतर कोणती प्रवासी विमानं लागतील याचा विचार केला. त्यातून ही कल्पना आली. तोवरच्या इंजिनांत दट्ट्या वरखाली व्हायचा, त्यामुळे विमानभर थरथर. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनात तप्त वायूच्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि ते पंखा फिरवतं. नुसतं फिरणं, धक्के नाहीत. टेबलावर नाणं कडेवर उभं ठेवलं तरी पडत नाही, असं प्रवासी कौतुकानं सांगत. १८ एप्रिल १९५३ रोजी बीईए या सरकारी कंपनीनं लंडन ते सायप्रस अशी व्हायकाउंटची नियमित सेवा सुरू केली. आपल्याकडेही इंडियन एअरलाइन्सनं १९५७ पासून ही विमानं चालवली.

आपलं विमान डिसेंबर १९५२ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढच्या फेब्रुवारीत बीईएकडे आलं. बीईए या विमानांना शोधप्रवाशांची नावं देत असे. याला मिळालं सर जॉन फ्रँकलिन यांचं. हे गृहस्थ १८४५ साली दोन जहाजं घेऊन आर्क्टिककडे गेले आणि परतलेच नाहीत. गंमत बघा, हरवलेल्या माणसाचं नाव ज्याला दिलं तेच टिकून राहिलं!

ते का टिकलं? याच मालिकेतलं लगतच्या नोंदणीचं विमान, जी-एएलडब्ल्यूई, याचं भावंडच म्हणा ना. १४ मार्च १९५७ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून मँचेस्टरला उतरताना ते घरांवर कोसळलं. विमानातले २० आणि जमिनीवरचे २, असे २२ जण गेले. कारण काय सापडलं? पंखाच्या मागच्या फ्लॅपला धरून ठेवणारा एक बोल्ट. वारंवार ताण सोसून तो थकला आणि तुटला. धातूसुद्धा थकतो. त्यानंतर इतर व्हायकाउंटचे असे बोल्ट तपासले गेले. म्हणजे एका भावंडाच्या मरणातून दुसऱ्यांच्या आयुष्याची काळजी घेतली गेली.

आता माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. विमानाचं आयुष्य म्हणजे सुटे भाग बदलत राहणं. इंजिनं काढायची, दुसरी बसवायची; टायर बदलायचे, बोल्ट बदलायचे. मग वीस वर्षांनी उरतं ते तेच विमान का? ग्रीकांनी हा प्रश्न थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला. आपल्याकडे ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो: रथ म्हणजे आस का, चाकं का, दांडी का? यातलं एकही नाही, आणि यांच्यापलीकडे वेगळा रथही नाही. ‘रथ’ हे आपण या जुळणीला दिलेलं व्यवहाराचं नाव.

विमानाच्या जगात हे नाव कागदावर राखलं जातं. कोणता भाग कधी बदलला, किती तास उड्डाण झालं, सगळ्याची नोंद. ती नोंद तुटली, तर धड दिसणारं विमानही उडवता येत नाही. मला वाटतं, विमानाची ओळख पत्र्यात नसते, या न तुटलेल्या नोंदीत असते.

पण इथेच खरा पेच आहे. बीईएनं हे विमान साठच्या दशकात विकलं. मग ते चॅनल एअरवेज, ब्रिटिश ईगल आणि शेवटी कार्डिफच्या केंब्रियन एअरवेजकडे गेलं. १९७१ च्या अखेरीस निवृत्ती, काही वर्षं लिव्हरपूलला मुक्काम आणि १९७६ मध्ये डक्सफर्ड. आज त्याच्यावर रंग आहे तो मात्र बीईएचा, तरुणपणीचा. जुन्या विमानाच्या किमतीत लोकांना इकडून तिकडे नेणारी ती सेकंडहँड वर्षं रंगाखाली गेली. जपणाऱ्यांना मी दोष देत नाही; एका अंगावर चार रंग कसे देणार? आणि ज्या स्वयंसेवकांनी ते भंगारात जाऊ दिलं नाही, त्यांचे उपकारच आहेत.

फक्त एवढं लक्षात ठेवा: स्मारक एक क्षण निवडतं, इतिहासाला ती मुभा नाही. इतिहासाला पहिल्या दिवसाचा झगमगाटही लिहावा लागतो आणि शेवटच्या मालकाकडची साधी, रोजची फेरीसुद्धा. माणसांच्या चरित्रांनाही हाच नियम लावून पाहा.