बुडालेल्या बँकेचा रिसीव्हर

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडी ओलांडली म्हणजे गोराई गांव लागतें. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी, मध्यें भातखाचरें, ताडमाड आणि कोळ्यांची व ईस्ट इंडियन लोकांची जुनी वस्ती. अशा खाडीकांठच्या खाजणाविषयीं एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. बांध धड आहे तोंवर जमीन भात देते. बांधास भगदाड पडून भरतीचें पाणी आंत शिरलें कीं ती खारवून जाते, व पुन्हा गोडी येण्यास पावसाळे लोटावे लागतात. आतां समजा, असें एखादें खाजण कोणा व्यापाऱ्यानें बँकेकडे गहाण टाकलें आहे. व्यापारी थकला, मागोमाग बँकहि बुडाली, आणि त्या जमिनीवर हक्क सांगणारे तिघेचौघे न्यायालयांत भांडूं लागले. निकाल लागण्यास वर्षें जातील. पण बांध तर येत्या मृगापूर्वीं बांधला पाहिजे. तो कोणीं बांधावयाचा?

अशा वेळीं न्यायालय आपला एक माणूस मिळकतीवर नेमतें. त्यास रिसीव्हर म्हणतात. ‘मिळकतीवर रिसीव्हर बसला’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या बाजारांत व चाळींत इतका रुळला आहे कीं, ऐकणारास साडेसाती बसल्याचा भास व्हावा. वस्तुतः रिसीव्हर हा शनि नव्हे आणि सावकारहि नव्हे. वादी व प्रतिवादी यांपैकीं तो कोणाचाच नाहीं. तो न्यायालयाचा हात आहे. मिळकत त्याच्या ताब्यांत येते, मालकी येत नाहीं. म्हणूनच त्याच्या ताब्याच्या आड येणें हा न्यायालयाचा अवमान ठरतो, आणि त्याच्यावर दावा लावावयाचा तर आधीं न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

ही युक्ति मूळची इंग्लंडांतील चॅन्सरी कोर्टाची. मुंबईचें हायकोर्ट १८६२ सालीं स्थापन झालें, आणि तेथें कोर्ट रिसीव्हरची स्वतंत्र कचेरीच पुढें उभी राहिली. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंतील चाळिसावी ऑर्डर या विषयाची आहे. तिच्या तिसऱ्या नियमांत रिसीव्हरचीं कर्तव्यें मोजक्या शब्दांत सांगितलीं आहेत. न्यायालय मागेल तो जामीन त्यानें द्यावा. ठरल्या वेळीं व ठरल्या नमुन्यांत हिशेब सादर करावा. हातीं आलेली रक्कम न्यायालय सांगेल तशी भरावी. आणि आपल्या बुद्धिपुरस्सर कसुरीमुळें किंवा घोर निष्काळजीपणामुळें मिळकतीचें नुकसान झाल्यास तें स्वतः सोसावें. चौथा नियम याहून कडक आहे. हिशेब न देणाऱ्या, रक्कम न भरणाऱ्या अगर नुकसान करणाऱ्या रिसीव्हरची खुद्द स्वतःची मिळकत जप्त करून विकतां येते. दुसऱ्याच्या घराची राखण करणाऱ्याच्या घरावर टांच आणण्याची ही तजवीज ज्यानें लिहिली, त्यास मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

बँकेच्या बाबतींत आणखी एक नांव ऐकूं येतें, तें लिक्विडेटरचें. लोक या दोघांची गल्लत करितात. रिसीव्हर वाद चालूं असतां वस्तु सांभाळतो. लिक्विडेटर संस्थेचा संसारच आवरतो. तो येणें वसूल करितो, देणें ठरवितो, आणि हातीं येईल तें कायद्यानें लावून दिलेल्या क्रमानें वांटतो. मात्र पहिल्या दिवसाचें काम दोघांचें सारखेंच. किल्ल्या घ्यावयाच्या, रोकड मोजावयाची, खातेवह्या अशा बंदोबस्तानें ठेवावयाच्या कीं मागील तारखेची एक ओळहि कोणास घुसडतां येऊं नये. दाराबाहेर ठेवीदारांची गर्दी असते. आंत यादी चाललेली असते, आणि ती यादी करणाऱ्यास बाहेर येऊन ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत’ असें सांगण्याची मुभा नसते. कारण तें अद्याप त्यासच कळलेलें नसतें.

तिजोरींत जें सांपडेल तें सारेंच बँकेचें नसतें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. एखाद्या बाईनें केवळ सांभाळण्याकरितां ठेवलेली दागिन्यांची पेटी ही तिचीच. ती तिला परत मिळते. त्याच बाईनें दागिने तारण ठेवून कर्ज काढलें असेल, तर कर्ज फिटेपर्यंत ते अडकले. आणि तिनें खात्यांत रोख ठेव ठेविली असेल, तर त्या नोटा ज्या क्षणीं खिडकीतून आंत गेल्या त्या क्षणीं बँकेच्या झाल्या. तिच्याकडे राहिला तो फक्त धनकोचा हक्क. एकाच बाईचा माल, एकाच छपराखालीं, आणि कायद्याच्या दृष्टीनें तीन वेगळे न्याय! जिची ठेवहि आहे व कर्जहि आहे तिला मात्र एक सवलत असते. एकांतून दुसरें वजा घालून बाकी काढतां येते.

बँकेची खरी दौलत तिजोरींत नसतेच; ती कर्जदारांच्या घरीं असते. तीहि गोराईच्या खाजणासारखीच आहे. साध्या येण्याचा दावा तीन वर्षांच्या आंत लावला नाहीं तर मुदतीचा कायदा आड येतो आणि येणें बुडतें. अधिकारी कागद चाळीत बसला असतां वह्यांतील एकेक कर्ज अशा रीतीनें खारवत जाई. ही अडचण ओळखून १९५३ सालीं बँकांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली. विसर्जनाचा अर्ज दाखल झाल्या दिवसापासूनचा काळ मुदतींत धरावयाचा नाहीं, असें ठरलें. बांध बांधला गेला खरा, पण तोंवर पुष्कळ भरत्या येऊन गेल्या होत्या.

त्यांतील सर्वांत मोठी भरती १८६५ ची. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटल्यामुळें १८६१ पासून विलायतेच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेना. मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशावर कंपन्यांचें पीक आलें. बॅकबेचा समुद्र भरून काढावयाच्या कंपनीचे कागद तर घरोघर पोहोंचले. बँक ऑफ बाँबे ही १८४० सालीं स्थापन झालेली, सरकारचे शेअर असलेली बँक. पण १८६३ च्या नव्या सनदेनें तिला कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द त्या बँकेंत किती चालत असे, हें पुढें चौकशींत उघड झालें. १८६५ च्या एप्रिलांत दक्षिणेच्या सेनापतीनें शस्त्र खालीं ठेविलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां पुरे करणारा कोणीच उरला नाहीं.

बँक ऑफ बाँबे कशीबशी तगली व अखेर १८६८ सालीं विसर्जनांत गेली. तिचें बहुतेक भांडवल नाहींसें झालें होतें. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली. त्याच वर्षीं जवळजवळ त्याच नांवाची नवी बँक निघाली. जुनीचे हिशेब मिटविणारे मात्र कागदांचे ढीग उपसत राहिले. त्यांच्या हातीं तारण म्हणून जें आलें होतें तें शेत नव्हतें, घर नव्हतें, कापसाची गांठहि नव्हती. बुडालेल्या कंपन्यांचे शेअर होते. राखावयाचें तरी काय? प्रेमचंदांनीं १८६४ सालीं आपल्या मातोश्रींच्या नांवें मनोरा उभारण्यासाठीं विद्यापीठास दोन लक्ष रुपये दिले होते. त्या तेजींतील जें थोडें मुंबईस अजून डोळ्यांनीं पाहतां येतें, त्यांत हा राजाबाई टॉवर आहे.

पुढें १९१३ सालीं मुंबईचीच इंडियन स्पीसी बँक चांदीच्या सट्ट्यांत गेली. चांदी ही शेअराच्या कागदापेक्षां भारी खरी, पण मोठा साठा विकणाऱ्याची गोची निराळीच. सारी एकदम बाजारांत ओतावी तर भाव पडतो व ठेवीदारांचाच तोटा. थांबावें तर ठेवीदार दारांत उभा. उतावळेपणा आणि आळस या दोन्हींबद्दल अधिकाऱ्यास सारखाच जाब द्यावा लागतो.

ठेवीदाराचें पोट एवढ्या काळ कशावर भरावें, हा प्रश्न कायद्यास फार उशिरां सुचला. बँकांच्या १९४९ च्या कायद्यांत पुढें अशी तरतूद आली कीं, विसर्जनांत बचत खातेदारास प्रथम २५० रुपयांपर्यंत द्यावे. १९६० सालीं केरळांतील पलई सेंट्रल बँक व आपल्या वऱ्हाडांतील अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन्ही बुडाल्या, तेव्हां कोठें ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागें १,५०० रुपयांचें संरक्षण सुरू झालें. सहकारी बँकांस तें १९७१ पासून मिळूं लागलें. १९९३ सालीं ही मर्यादा १ लाख झाली व तेथेंच सत्तावीस वर्षें थबकली.

ती हलली २०२० सालीं, आणि तिच्या आधींच्या वर्षीं उपनगरांस बसलेला धक्का लोक विसरले नाहींत. भांडुपास मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले. एकाच बांधकाम-समूहास दिलेलीं ६,५०० कोटींहून अधिक रुपयांचीं कर्जें हजारों बनावट खात्यांच्या आड झांकलेलीं तपासांत आढळलीं. ठेवीदारास प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ती वाढत वाढत जून २०२० मध्यें १ लाखावर आली. पेन्शनचे, मुलीच्या लग्नाचे, सोसायटीच्या दुरुस्तीचे पैसे आंत अडकून राहिले.

येथें ताबा घेणारा प्रशासक रिझर्व्ह बँकेनें नेमला होता, न्यायालयानें नव्हे. परंतु कर्जदार समूहाच्या गहाण मालमत्तांची किंमत ठरवून त्या विकण्यासाठीं मुंबई हायकोर्टानें जानेवारी २०२० मध्यें एका सेवानिवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. म्हणजे जुन्या रिसीव्हरचेंच काम नव्या नांवानें. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तीस स्थगिती दिली. २५ जानेवारी २०२२ रोजीं ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. त्या योजनेप्रमाणें किरकोळ ठेवीदारास ५ लाखांपर्यंत विम्याचा आधार मिळाला; त्यावरील रक्कम टप्प्याटप्प्यानें द्यावयाची, आणि ज्यांची बाकी त्यानंतरहि उरेल त्यांना ती दहा वर्षें पुरीं झाल्यावर, म्हणजे २०३२ सालीं, मिळावयाची आहे.