पट्टा घातलेला अनोळखी कुत्रा दारात आला, तर काय करावे?

शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या गावात रविवारी संध्याकाळी एखादा लांब केसांचा, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा गोंधळून फिरताना दिसला, की पहिला अंदाज ठरलेला असतो : मुंबईकरांनी आणून सोडला. कधी कधी ते खरेही असते. पण शहापूर-मुरबाड भागात फार्महाऊस आणि रिसॉर्ट भरपूर आहेत. सुट्टीला आलेल्या घरचा कुत्रा फटाक्यांना, गडगडाटाला किंवा गावातल्या कुत्र्यांना घाबरला, तर वाट फुटेल तिकडे पळतो. दोन दिवस बाहेर काढल्यावर सोडलेला आणि हरवलेला कुत्रा सारखाच दिसतो : मळलेला, भुकेला, गोचिडांनी भरलेला. म्हणून सुरुवात मालक आहे असे धरूनच करावी.

पकडण्याआधी थोडा वेळ लांबून बघा. तोंडातून सतत लाळ, लडखडत चाल, समोर येईल त्याला चावणे अशी लक्षणे असतील, तर जवळ जाऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि ग्रामपंचायतीला व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तसे काही नसेल, तर खाली बसून, आडवे तोंड करून पाण्याचे भांडे पुढे सरकवा. मागे धावलात तर तो आणखी पळेल, कदाचित थेट मुंबई-नाशिक महामार्गाकडे. चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे हळद-चुना लावून थांबायचे नाही.

हाती आल्यावर पट्ट्यावर फोन नंबर आहे का ते बघा. शहरातल्या काही कुत्र्यांच्या कातडीखाली मायक्रोचिप असते, तिचा १५ अंकी क्रमांक स्कॅनरने वाचता येतो. स्कॅनर प्रत्येक दवाखान्यात नसतो, पण विचारून बघायला हरकत नाही. कानाला खाच पाडलेली असेल, तर तो नसबंदी झालेला रस्त्यावरचा कुत्रा आहे. त्याला दया म्हणून उचलून दुसऱ्या गावी नेऊ नये. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदीनंतर त्याच्याच भागात परत सोडतात.

रात्री मात्र त्याला बंद जागेत ठेवा. तानसा अभयारण्याच्या आसपास बिबटे फिरतात, आणि शहरात वाढलेल्या कुत्र्याला त्याची कल्पना नसते. आपल्या घरच्या कुत्र्यापासून तो वेगळा असावा, कारण त्याचे लसीकरण झाले आहे की नाही हे माहीत नसते.

पोस्टमध्ये काय लिहायचे

इथेच जास्त चुका होतात. ‘शहापूरमध्ये कुत्रा सापडला’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला बेळगावचे शहापूरही वाटू शकते, कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातलेही. ‘शेणवा, ता. शहापूर, जि. ठाणे’ असे पूर्ण लिहा. सोबत तारीख, वेळ, नेमके कुठे दिसला आणि एक स्पष्ट फोटो द्या. एक खूण मात्र मुद्दाम झाकून ठेवा : पोटावरचा डाग, वाकडी शेपटी, पट्ट्याचा रंग, काहीही. महागड्या जातीचा कुत्रा म्हटला की ‘माझाच आहे’ म्हणणारे दोन-तीन फोन येतातच. खऱ्या मालकाला ती खूण न सांगता ओळखता येते, आणि त्याच्याकडे जुने फोटो किंवा लसीकरणाचे कार्डही असते. मालक सापडला की तीच पोस्ट दुरुस्त करा. नाहीतर घरी पोचलेला कुत्रा पुढची दोन वर्षे ग्रुपांतून हरवलेलाच राहतो.

केवळ व्हॉट्सॅपवर भिस्त ठेवू नका. पोलीस पाटील, ग्रामपंचायत, जवळची फार्महाऊस सांभाळणारे कामगार, शहापूर आणि डोळखांबकडे जाणारे रिक्षावाले यांना सांगा. पोलीस ठाण्यातही लेखी कळवा. कुत्रा ‘दत्तक’ देण्याची घाई नको. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७१नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि कायद्याच्या नजरेत पाळीव जनावर ही मालमत्ताच आहे. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ते आपलेसे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४खाली गुन्हा ठरू शकतो. उलट मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मागण्याचा हक्क सापडणाऱ्याला आहे.

कुत्रा मुद्दाम सोडून देणे हाही गुन्हा आहे, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. आकडा जुना आहे, आणि तो अजून बदललेला नाही.

गाय, बैल, शेळी असेल तर

इथे गाव पूर्वीपासून तयार आहे. १८७१च्या गुरे अतिक्रमण कायद्यात कोंडवाड्याची व्यवस्था होती : सात दिवसांत मालक आला नाही, तर पोलिसांना कळवायचे, मग गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि तरीही कोणी आले नाही तर लिलाव. आता सगळीकडे कोंडवाडा चालू नसतो, म्हणून ग्रामपंचायतीत विचारा. कानात पिवळा बिल्ला असेल, तर काम सोपे. त्यावरचा १२ अंकी क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यात दिला, की नोंदणीवरून मालक सापडू शकतो. जनावर जखमी असेल, तर १९६२वर फोन करा.

आणि सापडलेले प्रत्येक पिल्लू पाळीव नसते. शेतात मिळालेली ‘मांजरीची पिल्ले’ बिबट्याची किंवा रानमांजराची असू शकतात. त्यांना हात लावू नका, फोटोसाठी उचलूही नका, वनविभागाला १९२६वर कळवा. आई बहुधा जवळच असते. पिंजऱ्यातून सुटून आलेला देशी पोपटही वनविभागाकडेच द्यावा, कारण वन्यजीव कायद्यामुळे तो घरी पाळता येत नाही.

काही आठवडे शोधूनही कोणी आले नाही, तर त्या पोलीस नोंदीची प्रत जपून ठेवा. कुत्रा ठेवायचा असेल, तर रेबीजची लस टोचून घ्या आणि कार्डावर आपले नाव-पत्ता लिहा. पट्टाही नवा घ्या, फोन नंबर असलेला.