ऊन सगळ्यांना, मार कुणाला?

गिरणीच्या साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. मे महिन्यात तिथं ८ तास उभं राहून बघा, दोस्तांनो. बॉबिन हातातनं निसटली तरी माणूस शेजारच्यावर धावून जातो. मीही गेलोय. उष्म्यानं डोकं फिरतं हे मला कुणी शिकवायला नको. आता विद्वानही मोजमाप करून तेच सांगतात. पारा चढला, पाऊस हुकला की हाणामाऱ्या वाढतात.

पण मी धावून गेलो तो बदलीवाल्या पोरावर. जॉबरवर नाय. डोकं उन्हानं तापवलं. माणूस मी निवडला.

इतिहासालाही हेच विचारू. १९७० पासून महाराष्ट्रात पाऊस कमी होत गेला, १९७२ ला तर त्यानं पुरता दगा दिला. विहिरींनी तळ गाठला. मे १९७३ मधे सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडताना सगळ्या जातींचे हात एकाच उन्हात भाजले. पाण्यापाशी मात्र जात जागी! मे १९७२ मधे परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरनं बौद्ध बायांना नागवं करून मारलं. दुष्काळानं पाणी आटवलं, विटाळ नाही आटवला. पाणी जितकं खाली गेलं तितका काठावरचा पहारा कडक झाला.

कुणी म्हणेल, टंचाईच होती, काय करणार? मग महाडला कसली टंचाई होती? कोकणातलं गाव, धो धो पावसाचं. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ लाच केलेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागं आपली माणसं ओंजळभर पाणी प्याली. त्यावर मंडपात जेवायला बसलेल्यांची डोकी फोडली, अन्न मातीत कालवलं. मागनं पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. भरलं तळं असो की आटली विहीर, मार खाणारा एकच.

आणि हे फक्त सवर्णांपुरतं नाय, आपल्या वस्तीतही डोकावा. पाऊस सरासरीहून बराच कमी पडला की हुंडाबळी वाढतात, असं २०१४ साली भारतातल्या जिल्ह्यांच्या एका अभ्यासात निघालं. ढग बाहेर रुसतो आणि रॉकेल सुनेच्या अंगावर!

त्या बदलीवाल्याच्या ओठाला दोन टाके पडले. जॉबर तेव्हा पंख्याखाली चहा पीत होता.